सरासरी आणि मध्यक : पेडण्याची जमीन, डिचोलीचे खनिज

व्यापाऱ्याच्या बोलण्यात 'सरासरी' हा शब्द जितक्या सहजपणे येतो, तितक्या सहजपणे दुसरा एखादा हिशेबी शब्द क्वचितच येत असेल. सरासरी विक्री, सरासरी भाव, सरासरी उधारी. बेरीज करावी, संख्येने भागावे आणि आलेल्या आकड्यावर विसंबून पुढील बेत आखावा, ही पेढीवरची पिढीजात रीत होय. ही रीत चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु पुष्कळ प्रसंगी आपल्या मनातील प्रश्न एक असतो आणि सरासरी उत्तर देते ते दुसऱ्याच प्रश्नाचे. 'सर्व मिळून किती आणि ते समान वाटले तर प्रत्येकी किती' हे सरासरी सांगते. 'सामान्यतः कोणालाही काय पडते' हे सांगण्याचे काम तिचे नव्हे. त्यासाठी गणितशास्त्राने मध्यक या नावाचे निराळे माप दिलेले आहे. शाळेतील मुले मध्य, मध्यक व बहुलक ही त्रयी पाठ करतात. पेढीवर मात्र त्यांतील मधल्या भावंडाची फारशी ओळख नसते.

ही ओळख करून द्यावयाची तर दूर जाण्याचे कारण नाही. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादींतील दोन शेजारी महाल या विषयाचे उत्तम पाठ्यपुस्तक आहेत. एकाची जमीन मध्यकाची गरज पटवून देते. दुसऱ्याचे खनिज सांगते की मध्यकाने सरासरीला हुसकावून लावता येत नाही.

प्रथम पेडणे. तेरेखोल व शापोरा या दोन नद्यांच्या मधला हा तालुका आकाराने लहान, पण एकाच तालुक्यात दोन जगे नांदत आहेत असे म्हणावयास हरकत नाही. पश्चिमेस मोरजी, मांद्रे, हरमल, केरी हे समुद्रकाठचे गाव. तेथे परदेशी प्रवाशांची वर्दळ आणि हॉटेलांची रांग. पूर्वेस हणखणे, इब्रामपूर, चांदेल, कासारवर्णे ही डोंगरउताराची, काजूच्या बागांची व भातशेतीची गावे. मध्ये मोपाचे पठार. या पठारावरील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून प्रवासी विमाने सुटू लागली. तेव्हापासून 'पेडण्यात जमिनीचा भाव काय?' हा प्रश्न म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून मुंबईच्या दलालांच्या कचेऱ्यांपर्यंत सर्वत्र विचारला जातो. आणि त्याला उत्तर म्हणून जो आकडा फेकला जातो, तो बहुधा सरासरीचा असतो.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. एका गावाच्या परिसरात दहा खरेदीखते नोंदली गेली आणि त्यांतील दर, दर चौरस मीटरला रुपयांत, पुढीलप्रमाणे होते असे समजा : ४००, ४५०, ५००, ५५०, ६००, ७००, ८००, ९००, १२००, ९०००. शेवटचे खत रस्त्याला लागून असलेल्या, हॉटेलासाठी हेरलेल्या एका तुकड्याचे आहे. बेरीज १५,१०० रुपये. दहाने भागिले तर सरासरी १५१० रुपये. दहा खतांपैकी नऊ खतांचा दर या सरासरीहून कमी आहे. ज्या भावाला त्या गावात कोणाचीच जमीन विकली गेली नाही, आणि नऊ जणांना ज्याच्या आसपासही पोहोचता आले नाही, तो त्या गावचा 'सरासरी भाव' ठरला. हिशेबात यत्किंचितही चूक नाही. चूक आहे ती त्या आकड्याकडून आपण धरलेल्या अपेक्षेत. हाच आकडा घेऊन एखादा शेतकरी आपला एक-चौदाचा उतारा हातात धरून दलालाकडे गेला, तर त्याची घोर निराशा व्हावयाची. आणि हाच आकडा मानून एखाद्या व्यापाऱ्याने गोदामासाठी जागा घेतली, तर तो फसावयाचा.

मध्यक काढण्याची कृती सोपी आहे. सर्व आकडे चढत्या क्रमाने मांडावेत आणि बरोबर मधल्या जागेवर कोण उभा आहे ते पाहावे. आकड्यांची संख्या विषम असेल तर प्रश्नच नाही : नऊ आकड्यांत पाचवा, अकरांत सहावा, म्हणजे संख्येत एक मिळवून निम्मे करावे, जो क्रमांक येईल त्या क्रमांकावरील आकडा तो मध्यक. संख्या सम असेल तर मधोमध दोन आकडे येतात. त्या दोहोंची बेरीज करून निम्मे करावे. वरच्या दहा खतांत पाचवा दर ६०० व सहावा ७००; म्हणून मध्यक ६५० रुपये. पाच खते याच्या खाली, पाच याच्या वर. 'या गावात साधारण माणसाची जमीन कशी गेली?' या प्रश्नाला हे प्रामाणिक उत्तर आहे.

येथे दोन चुका नेहमी घडतात. एक म्हणजे आकडे क्रमाने न लावताच यादीतील मधला आकडा उचलणे. खते ज्या तारखांना नोंदली गेली त्या क्रमात मधले खत म्हणजे काही मध्यक नव्हे. दुसरी चूक अधिक फसवी. बाजार समित्यांच्या भावपत्रकात किमान, कमाल व सर्वसाधारण असे तीन दर छापलेले असतात. काही मंडळी किमान व कमाल यांची बेरीज करून निम्मे करतात आणि त्याला 'मधला भाव' म्हणतात. हा आकडा केवळ दोन टोकांवर लोंबकळत असतो. मधल्या शेकडो पोत्यांचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्या उदाहरणात ४०० व ९००० यांच्या मधला आकडा ४७०० येईल, त्याविषयी अधिक न बोललेले बरे. पत्रकातील 'सर्वसाधारण' दरही मध्यक नव्हे. ज्या भावाला सर्वांत अधिक माल गेला तो दर, म्हणजे बहुलक, तेथे अभिप्रेत असतो.

मध्यकाचा मोठा गुण म्हणजे त्याचे स्थैर्य. त्या नऊ हजारांच्या खताऐवजी उद्या नव्वद हजारांचे खत झाले, तर सरासरी १५१० वरून एकदम ९६१० वर जाईल. मध्यक जागचा हलणार नाही. ६५० तो ६५०. उलट ते खत ९००० ऐवजी १५०० चे असते, तर सरासरी ७६० वर येती, आणि तरीही मध्यक ६५० च राहता. टोकाचा माणूस किती श्रीमंत आहे हे मध्यक विचारीत नाही; तो मधल्या माणसाच्या कोणत्या बाजूला उभा आहे एवढेच विचारतो.

हा गुण फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ध्यानी आला, त्याची हकीकत गुरांच्या बाजारातली आहे, म्हणून व्यापारी वाचकांस रुचेल. १९०६ साली प्लिमथ येथे गुरांचे व कोंबड्यांचे प्रदर्शन भरले होते. एका पुष्ट बैलाचे, कापून साफ केल्यानंतर, वजन किती भरेल याचा अंदाज सहा पेन्सांच्या तिकिटावर लिहून द्यावयाचा, अशी तेथे पैज लागली. खाटीक होते, शेतकरी होते, आणि ज्यांना बैलाचे डोके व शेपूट यापलीकडे काही ठाऊक नव्हते असेही होते. गाल्टनने ती तिकिटे मागून घेतली. वाचता येण्याजोगी ७८७ निघाली. त्याने ती क्रमाने लावून मधले तिकीट पाहिले : १२०७ पौंड. १९०७ च्या मार्च महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात त्याने हा निकाल छापला. प्रत्यक्ष वजनाशी हा आकडा शेकडा एकाच्या आत जुळला होता. मधलेच तिकीट का घेतले, याचे त्याने दिलेले कारण मार्मिक आहे : सरासरी काढली तर लहरी माणसाच्या भलत्या आकड्याला त्याच्या भलतेपणाच्या प्रमाणात वजन मिळते, मधले मत घेतले तर प्रत्येकाचे मत एकच. मध्यक ही कल्पना मात्र गाल्टनची एकट्याची नव्हे. कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने १८४३ साली या मापाला स्वतंत्र नाव दिलेले होते.

सरासरीची परंपरा याहून कितीतरी जुनी, आणि ती आपल्या घरची आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचिला. निरनिराळ्या कसांचे सोने एकत्र आटविले तर मिश्रणाचा कस किती, हा प्रश्न त्यात सविस्तर सोडविलेला आहे. पुढे भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही तो येतो. प्रत्येक तुकड्याचे वजन व कस यांचा गुणाकार, त्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. हीच भारित सरासरी. सराफाच्या दुकानात आजही दुसरी रीत चालावयाची नाही.

आणि ही रीत आपणांस डिचोलीच्या खाणीवर घेऊन जाते. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या वर्षांत डिचोली व सत्तरी या भागांत लोहखनिजाचा व्यवसाय वाढीस लागला आणि पुढील अर्धशतक या तालुक्याचा बाजार त्यावर पोसला गेला. २०१२ साली खाणकाम थांबले, मध्यंतरी सुरू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने २०१८ साली पुन्हा थांबले, आणि २०२२ च्या अखेरीस नव्या पद्धतीने पट्ट्यांचे लिलाव झाले तेव्हा पहिल्या पट्ट्याला डिचोलीचेच नाव होते. त्या चढउतारांची कथा येथे सांगावयाची नाही. आपला विषय एवढाच की खाणीतील निरनिराळ्या बाकांवरचा माल सारख्या कसाचा नसतो. आमोणे, सारमानस यांसारख्या धक्क्यांवरून तो बार्जींत भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे जावयाचा, आणि जहाजाच्या पोटात सर्व माल एक होऊन जावयाचा.

समजा, १००० टन माल शेकडा ६० लोहाचा, १००० टन ५८ चा आणि ८००० टन ५५ चा आहे. तीन आकड्यांचा मध्यक ५८. साधी सरासरी काढली तर ५७.६७. परंतु जहाजातील मालाचा नमुना तपासला तर लोह भरेल ५५.८, कारण ८००० टनांनी सर्व मिश्रण आपल्याकडे ओढलेले आहे. खरेदीदार पैसे देणार ते या ५५.८ वर, करारातील टक्क्याहून लोह कमी भरले तर भाव कापणार. 'आमचा मध्यक ५८ आहे' असे त्याला सांगून उपयोग नाही. जेथे वस्तू खरोखर एकत्र मिसळते, किंवा जेथे एकूण रकमेचा जाब द्यावयाचा असतो, तेथे सरासरीच हवी, आणि तीही वजन धरून काढलेली. पेडण्यातील दहा जमिनी मात्र एकमेकींत मिसळत नाहीत. हणखण्याच्या शेतकऱ्याला मोरजीच्या मालकाच्या पैशांतला एक पैसाही मिळत नसतो.

पेढीच्या वहीत ही दोन्ही माणसे एकाच पानावर भेटतात. डिचोलीच्या एखाद्या किराणा दुकानदाराने नऊ गिऱ्हाइकांची उधारी किती दिवसांत फिटली ते मांडून पाहिले आणि आकडे असे निघाले असे धरू : ७, १०, १२, १५, १८, २०, २१, ३०, २४०. मध्यक १८ दिवस, सरासरी ४१ दिवसांहून थोडी अधिक. दोन्ही आकडे खरे. नवीन गिऱ्हाइकाला मुदत किती द्यावी, तगादा केव्हा लावावा, हे ठरविताना १८ दिवस ध्यानात घ्यावेत. बहुतेक लोक त्याच सुमारास देतात. परंतु आपले भांडवल बाजारात किती काळ अडकते आणि त्यावर व्याज किती चढते हे पाहावयाचे असेल, तर सर्वांच्या रकमा सारख्या आहेत असे धरले तरी ४१ दिवसांचाच आकडा घ्यावा लागेल. १८ दिवसांच्या भरवशावर घाऊक व्यापाऱ्याला हुंडी लिहून देणारा दुकानदार त्या २४० दिवसांच्या एका गिऱ्हाइकामुळे गोत्यात येईल. मध्यक त्या गिऱ्हाइकाकडे पाहतच नाही. हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष.

आकडे शेकड्यांनी असले तर सर्व क्रमाने लावीत बसण्याची गरज नाही. दिवसातील शंभर बिले गटवार मोजावीत. १०० रुपयांपर्यंतची १२, १०० ते २०० ची २८, २०० ते ३०० ची ३०, ३०० ते ४०० ची १८ आणि ४०० ते ५०० ची १२ बिले निघाली असे समजा. मध्य गाठावयाचा तो पन्नासाव्या बिलाशी. पहिल्या दोन गटांत मिळून ४० बिले संपली. आणखी १० हवीत, आणि ती तिसऱ्या गटातील ३० पैकी पहिली १० होत. म्हणून त्या गटाच्या शंभर रुपयांच्या रुंदीपैकी एक तृतीयांश चालून जावे : २०० अधिक ३३, म्हणजे सुमारे २३३ रुपये. शालेय पुस्तकात हेच सूत्ररूपाने दिलेले असते व ते पाहून माणूस बिचकतो; वस्तुतः त्यात मोजत जाण्यापलीकडे काही नाही.

सरकारनेही मध्यकाची दखल घेतलेली आहे. परस्परसंबंधित कंपन्यांमधील व्यवहारांची रास्त किंमत ठरविण्यासाठी २०१५ साली आयकर नियमांत १०-सीए हा नियम घालण्यात आला. तुलनेसाठी सहा वा अधिक आकडे उपलब्ध असतील तर, विशिष्ट पद्धतींपुरते, ते चढत्या क्रमाने लावावयाचे. खालून शेकडा ३५ ते ६५ या पट्ट्यात व्यवहाराची किंमत बसली तर ती मान्य, न बसली तर मध्यक हीच रास्त किंमत, असे त्यात ठरविले गेले. आकडे सहाहून कमी असल्यास मात्र पूर्वीची सरासरीच.

तथापि पेडण्याच्या शेतकऱ्याला अधिक निकटचा आहे तो भूसंपादनाचा २०१३ चा कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आला. सार्वजनिक कामासाठी जमीन घेतली गेली तर बाजारभाव कसा ठरवावा हे त्याच्या कलम २६ मध्ये सांगितले आहे. मुद्रांक कायद्याखालील दर, परिसरातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील विक्रीची सरासरी, आणि काही प्रसंगी संमतीने ठरलेली रक्कम, यांत जे अधिक असेल ते घ्यावे. यांतील 'सरासरी'ची व्याख्या मोठी लक्षणीय आहे : सर्व खतांची सरासरी नव्हे, तर अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी. खरेदीखतात किंमत कमी लिहिण्याची चाल आपल्या देशात कोणाला ठाऊक नाही? त्यावर हा उतारा. परंतु वरची निम्मी खते निवडावयाची म्हणजे प्रथम सर्व खते क्रमाने लावून मधली जागा शोधणे आले. कायद्याने मध्यक हा शब्द उच्चारलेला नाही. दार मात्र मध्यकाचेच आहे. त्याच्या वरचे आत, खालचे बाहेर.

आपल्या दहा खतांना हा नियम लावून पाहू. वरची पाच : ७००, ८००, ९००, १२००, ९०००. बेरीज १२,६००, सरासरी २५२० रुपये. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात असेही म्हटले आहे की, प्रत्यक्ष बाजारभावाची निदर्शक नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना वाटेल ती किंमत त्यांना वगळता येते. ९००० चे खत वगळले गेले तर नऊ खते उरतात, आणि २५२० चा आकडा एका झटक्यात हजाराच्या खाली येतो. जमीनमालकाने संपादनाच्या सुनावणीत आपली हरकत नोंदविताना सर्वप्रथम मागावयाचा कागद म्हणजे विचारात घेतलेल्या खतांची संपूर्ण यादी, दरांच्या चढत्या क्रमाने. कोणते खत गाळले व का गाळले, हे त्या यादीवाचून कळणे शक्य नाही. आणि नुसता अंतिम सरासरी आकडा पाहून हरकत घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नऊ खते उरल्यावर आणखी एक पेच उद्भवतो, आणि तो निव्वळ मध्यकाचा पेच आहे. नवाचे निम्मे साडेचार. पाचवे खत, ६०० रुपयांचे, बरोबर मधोमध उभे आहे. ते वरच्या निम्म्यात धरावयाचे की खालच्या? स्पष्टीकरणाच्या शब्दांत याचा उलगडा केलेला नाही. ते बाहेर ठेवले तर वरच्या चार खतांची बेरीज ३६०० आणि सरासरी ९०० रुपये. आत घेतले तर पाच खतांची बेरीज ४२०० आणि सरासरी ८४० रुपये. फरक चौरस मीटरला ६० रुपये. दोन हजार चौरस मीटरच्या काजूबागेला तो १,२०,००० रुपये होतो. कायद्याप्रमाणे भरपाईवर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळावयाची, म्हणजे तो दुप्पट. आणि ग्रामीण भागासाठी एक ते दोन यांमधील जो गुणक लागू असेल तो एकाहून अधिक असल्यास त्याच पटीने आणखी. गुणक एक धरला तरी मधल्या एका खताची जागा ठरविण्यावर त्या कुटुंबाचे २,४०,००० रुपये अवलंबून असतात.